पिकअपला हौदा कोणता घ्यावा? घट्ट भिंतींचा, पडत्या फाळक्यांचा, उंच की टिपर?

कुंडीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

रोपवाटिका आणि बागा उभारून देणं हा आमचा व्यवसाय. आजवर भाड्याच्या गाड्यांवर निभावलं, आता स्वतःची पिकअप घेतोय. गाडी ठरलीय, एकाच ओळीच्या केबिनची. अडलंय ते हौद्यावर. कंपनीकडे तीन पर्याय आहेत. पहिला पत्र्याच्या घट्ट भिंतींचा, चाकांचे उंचवटे आत आलेले, फक्त मागचा फाळका उघडतो. दुसरा सपाट, तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडणारा. तिसऱ्यात नुसती चासी आणि केबिन मिळते, बॉडी आपली आपण बांधून घ्यायची.

माल असा: ओली माती आणि शेणखत, कुंड्यांतली रोपं (काही माणसाच्या उंचीची), पॅलेटवर (फोर्कलिफ्टने उचलायच्या लाकडी चौकटीवर) येणाऱ्या फरशा, गवत कापायचं चारचाकी यंत्र, आणि परतताना छाटलेल्या फांद्या.

गाडीच्या पुस्तकात एकूण वजनाची मर्यादा २८०० किलो दिलीय, चासी आणि केबिन मिळून १४५० किलो. दोन आसांमधलं (अ‍ॅक्सलमधलं) अंतर ३००० मिमी. हौदा आतून २.६ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद बसेल असं बॉडी बांधणारा म्हणतो. माझा कल उंच भिंतींकडे आहे. एका खेपेत जास्त माल जाईल, दुसरं काय. जाणकारांनी सांगावं.

तराजू

उंच भिंती जरा बाजूला ठेवा, आधी हिशेब करू.

२८०० वजा १४५०, राहिले १३५०. त्यातून हौद्याचं वजन जाणार, पोलादी असेल तर ३०० धरा. तुम्ही, एक मदतनीस आणि हत्यारं मिळून १५०. मालासाठी उरले ९०० किलो.

ओली माती घनमीटरला साधारण १६०० किलो भरते. म्हणजे ९०० किलोत पाऊण घनमीटरही येत नाही, ०.५६ येते. तुमच्या हौद्याचा तळ ४.४२ चौरस मीटर. त्यावर ही माती सारखी पसरली तर थर होतो तेरा सेंटिमीटरचा. वीतभरसुद्धा नाही.

आता उलट बघा. भिंती फक्त ४० सेंमी उंच आहेत आणि कुणी काठोकाठ माती भरली, तर ती २८०० किलोच्या वर जाते. गाडीची एकूण मर्यादा जेवढी, तेवढी नुसती माती! ९० सेंमीच्या भिंतीत काय होईल ते तुम्हीच काढा. फावडं मारणारा माणूस मर्यादेचा आकडा बघत नाही, भिंत बघतो. रिकामी जागा दिसली की भरतो.

कुंडीवाला

बाप रे. तेरा सेंटिमीटर? हा हिशेब कधी केलाच नव्हता. पण तराजूदादा, रोपं आणि फांद्या तर हलक्या असतात ना? त्यांना उंची लागतेच.

तराजू

लागते, पण कायमची नाही. हौद्याच्या कडेला खुंट रोवायच्या खाचा ठेवा. फांद्या असतील त्या दिवशी खुंट आणि जाळी चढवायची, माती असेल तेव्हा काढून ठेवायची. उंच पोलादी भिंत कायमची बसवली की तिचं वजन तुम्ही प्रत्येक खेपेला फुकट वाहता, आणि तेही उंचावर, म्हणजे वळणावर गाडी जास्त कलते.

एक सूचना. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत ‘हलकं’ समजून भरू नका. कोरडं आणि भिजलेलं यांच्या वजनात कितीतरी पटींचा फरक पडतो. पावसात उघड्यावर पडलेलं कोकोपीट भरायचं असेल तर आधी एक पोतं काट्यावर ठेवून बघा.

जुनाट_इंजिन

सगळे लगेच पडत्या फाळक्यांकडे धावतील म्हणून मी घट्ट भिंतींच्या हौद्याची बाजू घेतो.

तो कंपनीत दाबून घडवलेला असतो, भिंती आणि तळ एकजीव, त्यामुळे खडखडाट नाही. चाकं तळाच्या खाली न राहता उंचवट्यांत घुसतात, म्हणून तळ खाली बसतो. सपाट हौद्याला चाकाच्या वर पूर्ण तळ न्यावा लागतो, शिवाय भार पडल्यावर स्प्रिंगचे पाटे दबले तरी चाक तळाला घासू नये एवढी जागा सोडावी लागते. म्हणजे हौदा चांगला वीतभर वर जातो. दिवसभर कुंड्या चढवणाऱ्याला ही वीत कमरेत जाणवते. गळती कमी, वर झाकण बसवणं सोपं. बिजागऱ्या आणि कड्याही मागच्या एकाच फाळक्याला, त्यामुळे बिघडायला जागा कमी.

फाळके पाडायची खरोखर किती वेळा गरज पडते, ते प्रामाणिकपणे मोजा.

मुक्ता९

जुनाट_इंजिन, तळ खाली असतो हे मान्य. पण धागाकर्त्याच्या मालात पॅलेटवरच्या फरशा आहेत, प्रश्न तिथेच सुटतो.

पॅलेटचं एक रूढ माप १२०० × १००० मिमी. मध्यम आकाराच्या बऱ्याच पिकअपमध्ये चाकांच्या उंचवट्यांमधली जागा ११०० मिमीच्या आसपास असते. म्हणजे पॅलेट १००० ची बाजू आडवी ठेवूनच आत जाणार, तेही मागूनच. फोर्कलिफ्टचे काटे पोचतात तेवढंच ते आत जाईल, पुढे ढकलायला पहार घ्या. दोन पॅलेट असतील तर पहिलं दुसऱ्याने रेटत न्यायचं. फरशांचं पॅलेट असं रेटलं की खालची रांग फुटते.

सपाट हौद्यात बाजूचा फाळका पाडला की फोर्कलिफ्ट बाजूने येऊन पॅलेट हवं तिथे ठेवते. २.६ मीटरमध्ये १२०० ची दोन पॅलेटं एकामागे एक बसतात, वर वीसेक सेंमी उरतात. ‘बसतात’ म्हणजे जागेत. वजनाचं तराजूदादांना विचारा, फरशांचं एक भरलेलं पॅलेटच ९०० किलोच्या वर जाऊ शकतं.

आमच्याकडे मांडवाचं आणि परांचीचं सामान वाहणाऱ्या गाड्या आहेत, सगळ्या पडत्या फाळक्यांच्या. माल तीन बाजूंनी उतरतो, दोघं समोरासमोर उभे राहून काम करतात, हौद्यात चढावं लागतच नाही. जो माणूस हौद्यात चढत नाही तो हौद्यातून पडतही नाही.

जुनाट_इंजिन

फोर्कलिफ्टचं पटलं. खडखडाटाचं बोला.

मुक्ता९

तो आहेच. फाळका आणि खांब यांच्यामध्ये रबराची पट्टी आणि ओढून घट्ट बसणाऱ्या कड्या घेतल्या तर बराच कमी होतो. नुसत्या खिट्टीच्या कड्या घेऊ नका. त्या ढिल्या होतात, आणि मग आपली गाडी आली हे गल्लीच्या टोकालाच कळतं.

फाळक्याबद्दल दोन गोष्टी बॉडी बांधणारा आपणहून सांगणार नाही. २.६ मीटरचा अखंड पोलादी फाळका चौकटीसकट २५-३० किलोच्या घरात जातो. एकट्याने उचलून लावणं रोजचं असेल तर मध्ये काढता-घालता येणारा खांब द्या आणि फाळका दोन तुकड्यांत करा, किंवा अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. दुसरं, सुटी माती फाळक्याला आतून रेटत असते. कडी सोडली की फाळका धाडकन खाली येतो. कडी सोडताना समोर नाही, टोकाच्या बाजूला उभं राहायचं. हे नव्या मदतनिसाला पहिल्याच दिवशी सांगायचं असतं.

अवांतरकर

अवांतर आहे, वाटल्यास पुढे सरका.

हे वाद पिकअपएवढेच जुने आहेत. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टीला कारखान्यातूनच पिकअप हौदा लावून विकायला सुरुवात केली. तो ५६ इंच लांब आणि भिंती फक्त १३ इंच उंच. पण कडेला खुंट रोवायच्या चार खाचा होत्या! तराजू म्हणतात तेच. आखूड भिंत कायमची, उंची लागेल तेव्हा.

पुढे बराच काळ हौदा अरुंद आणि चाकांची मडगार्डं बाहेर अशीच रचना चालली. १९५५ च्या शेव्हरले कॅमिओने बाहेरून फायबरग्लासचे पत्रे लावून बाजू सपाट दिसेल असं केलं, आतला हौदा मात्र अरुंदच. १९५७ मध्ये फोर्डने पूर्ण रुंदीचा पोलादी हौदा आणला, तेव्हा चाकांचे उंचवटे आत आले. म्हणजे जुनाट_इंजिन यांचा लाडका हौदा शोभेच्या वाटेने आला म्हणायचा :)

दुसरी वाट ऑस्ट्रेलियातली. जिलाँगच्या फोर्डमध्ये ल्यू बँटने १९३४ मध्ये कारचंच अंग मागे हौद्यापर्यंत ओढून कूप युटिलिटी केली. एका शेतकऱ्याच्या बायकोने कंपनीला पत्र लिहिलं होतं, रविवारी चर्चला नेता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी द्या म्हणून. मालाची यादी आधी, हौदा नंतर.

फोक्सवॅगनने १९५२ मध्ये ट्रान्सपोर्टरची पिकअप काढली ती सपाट आणि पडत्या फाळक्यांची. इंजिन मागे, त्यामुळे तळ उंच. पण त्या उंचीचा फायदा घेऊन तळाखाली कुलूप लावता येणारा मोठा कप्पा दिला. कुंडीवाले, सपाट हौदा घेतलात तर चाकाच्या पुढची चासीखालची जागा वाया घालवू नका. कात्र्या, पाइप, दोर तिथे राहतात.

जपानमधल्या छोट्या केई ट्रकची मर्यादा ३५० किलो, पण हौदा बहुधा तिन्ही बाजूंनी उघडणारा. शेतावरच्या कामाला तेच सोयीचं पडतं.

जुनाट_इंजिन

शोभेच्या वाटेने आला असेल, पण सत्तर वर्षं टिकलाय ना? शोभेची वस्तू एवढी चालत नाही. असो, इतिहास आवडला.

हिरवळ

मी पण याच धंद्यातली, म्हणून रोपांचं मी बोलते. इथे सगळे माती आणि फरशीवर बोलताहेत, पण रोपाचा शत्रू वारा आहे. केबिनच्या टपाच्या वर गेलेला शेंडा चालत्या गाडीत सतत झोडपला जातो. तासाभराच्या रस्त्यात कोवळी पानं करपल्यासारखी होतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं रोप आजारी आहे.

ताडपत्रीने घट्ट बांधलं की उकाड्याने मरतात. आम्ही कमानी वापरतो. खुंटांच्या त्याच खाचांत वाकवलेले पाइप बसवायचे आणि वरून सावलीची हिरवी जाळी. वारा गाळून जातो, थांबत नाही. फार उंच झाडं आडवी झोपवायची, मुळांचा गड्डा केबिनकडे आणि शेंडा मागे, म्हणजे वारा फांद्या उलट्या न फिरवता सरळ करत जातो. गड्डा जड असतो, तो पुढे राहिलेलाच बरा.

कुंड्या सरकू नयेत म्हणून फळ्या आडव्या लावतो, रांगेगणिक एक. चेकर पत्र्याचा तळ ओला झाला की प्लास्टिकच्या कुंड्या त्यावर घसरतात. मला लाकडी तळ आवडतो. खिळा ठोकता येतो, फळी खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

ठिणगी

बॉडी बांधण्याचंच काम करतो. तळाची वजनं देतो, ४.४२ चौरस मीटरसाठी.

३ मिमीचा पोलादी पत्रा साधारण १०४ किलो, चेकर असेल तर थोडा जास्त. २५ मिमी जाड कठीण लाकडाच्या फळ्या ८०-८५ किलो. १८ मिमीचा, दोन्ही बाजूंना फिल्म चढवलेला प्लायवूड ५५ च्या आसपास. खालचा सांगाडा वेगळा.

प्लायवूड हलका आहे पण कापलेल्या कडा बंद केल्या नाहीत तर पाणी पिऊन फुगतो. फावडं रोज चालणार असेल तर पत्राच घ्या. लाकडाच्या सांध्यांत फावडं अडकतं आणि माती फटींत बसते. हिरवळताईंच्या कामाला लाकूड, फावड्याला पत्रा. दोन्ही कामं एका गाडीत असतील तर पत्रा, आणि रोपांच्या दिवशी वर रबरी चटई.

कंपनीच्या घट्ट हौद्याला तळावर दाबलेल्या नाळ्या असतात. फावडं त्यांच्या दिशेने सरळ चालतं, आडवं मारलं की प्रत्येक नाळीला ठेचकाळतं. त्यावर सुटं प्लास्टिकचं अस्तर घालून देतात ते टाळा. त्याच्याखाली पाणी आणि वाळू अडकते, अस्तर हलत राहतं, रंग घासला जातो आणि गंज लपून वाढतो. फवारून चिकटवलेलं अस्तर चांगलं.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल. पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं असतं हे खरं, पण ताठपणाही एक तृतीयांशच, म्हणून जाड घ्यावं लागतं. प्रत्यक्षात बचत होते ती निम्म्याच्या आसपास समजा. पोलादी बोल्ट थेट लावले तर सांध्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, मध्ये नायलॉनचा वायसर हवा. ओला सिमेंट-चुना त्याला चालत नाही. आणि धागाकर्ते रासायनिक खतंही वाहणार असतील तर कोणताही धातू असो, संध्याकाळी पाणी मारायचंच. खतातले क्षार ओलाव्यात दोन्ही खातात.

कुंडीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. उंच भिंतींचा विचार सोडला. घट्ट भिंतींचा हौदाही बाद, फोर्कलिफ्टचा मुद्दा निर्णायक ठरला. आता दोन प्रश्न उरले.

१. टिपर (हौदा उचलून माल ओतणारा) करून घ्यावा का? माती हाताने उतरवण्यात अर्धा दिवस जातो.
२. बॉडी बांधणारा म्हणतो हौदा ३ मीटर करू, चासी मागे आहेच, दोन पॅलेटं आरामात बसतील. करू का?

तराजू

दुसऱ्याचं उत्तर आधी. नको.

दोन आसांमधलं अंतर ३००० मिमी. तुमचा २.६ मीटरचा हौदा केबिनमागे थोडी जागा सोडून सुरू झाला तर त्याचा मध्य मागच्या आसाच्या साधारण २०० मिमी पुढे येतो असं धरू. ९०० किलो सारखे पसरले तर पुढच्या आसावर ९०० × २०० ÷ ३००० म्हणजे ६० किलो, बाकी ८४० मागे. ठीक आहे, दोन्ही आसांवर भार वाढला.

हौदा ३ मीटर केला की मध्य २०० मिमी मागे सरकतो, बरोबर आसावर. पुढे शून्य, मागे सगळे ९००. आणि माणसं माल मागच्या टोकाला ठेवतात, कारण उतरवायला सोपा. समजा भाराचा मध्य आसाच्या ४०० मिमी मागे गेला. आता पुढचा आस १२० किलोंनी *हलका* होतो आणि मागच्यावर १०२० किलो पडतात. एकूण वजन मर्यादेत, तरी मागच्या आसाची मर्यादा ओलांडलेली असू शकते. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढची चाकं वळणावर आणि ब्रेकला नीट पकडत नाहीत. आसागणिक मर्यादा गाडीच्या पाटीवर दिलेली असते, ती वाचा.

हौद्याची लांबी केबिन आणि आस यांच्यातल्या अंतरावरून ठरते. चासी मागे शिल्लक आहे म्हणून ती भरायची नसते.

ठिणगी

शंभर टक्के सहमत. गिऱ्हाईक लांबी मागतं आणि बांधणारे देतात.

टिपरचं सांगतो. हायड्रॉलिक दट्ट्या, पंप, तेलाची टाकी, खालचा जड सांगाडा आणि बिजागरी मिळून दीडशे ते अडीचशे किलो सहज वाढतात. ९०० मधले ते गेले. म्हणजे प्रत्येक खेपेला, फरशीच्या आणि रोपांच्या खेपेलाही, माल तेवढा कमी. तळही आणखी वर जातो.

शिवाय टिपर सपाट जागीच उचलायचा. बागेची जागा क्वचितच सपाट असते. ओली चिकट माती तळाला धरून बसते, हौदा वर जातो, माती वरच राहते, आणि मग एकदम एका बाजूने सुटली की गाडी आडवी. उचललेल्या हौद्याखाली टेकू लावल्याशिवाय हात घालू नये, एवढं तरी पाळा.

हिरवळ

टिपरला माझा विरोध नाही. फक्त माती-खडी वाहणारी वेगळी गाडी असेल तर घ्यावा. मिश्र कामाला नको. आम्ही माती आता मोठ्या उचलपिशव्यांत मागवतो, फोर्कलिफ्ट नाहीतर छोटी क्रेन उतरवते. जिथे यंत्र पोचत नाही तिथे हौद्यात आधी जाड ताडपत्री अंथरतो, माती तीवर, आणि बाजूचा फाळका पाडून ताडपत्री ओढायची. शेवटची माती झाडून काढायला लागत नाही.

मुक्ता९

टिपर केलाच तर मागचा फाळका खालून आणि वरून, दोन्हीकडून उघडेल असा घ्या. माल चढवताना खालच्या बिजागरीवर, ओतताना वरच्या. नाहीतर ओतलेली माती पडलेल्या फाळक्यावरच साचते.

आणि ते गवताचं यंत्र कसं चढवणार? सपाट हौद्याचा तळ ९० सेंमीवर असेल तर २ मीटरच्या उतरंडीला (रॅम्पला) २७ अंशांचा चढ होतो. ३ मीटरची केली तर साडेसतरा. चारचाकी यंत्र २७ अंशांवर चढवू नका, वरच्या टोकाला त्याचं पोट टेकतं आणि ते तिथेच अडकतं. उतरंडीचं वरचं टोक हौद्याला कडीने अडकवलेलं पाहिजे, चाक चढताना ते मागे निसटतं.

अवांतरकर

पुन्हा अवांतर. शेव्हरलेने १९६१ मध्ये कॉर्वेअर कारच्या सांगाड्यावर रँपसाइड नावाची पिकअप काढली होती. बाजूचा फाळका पाडला की तोच उतरंड व्हायचा, थेट जमिनीपर्यंत. इंजिन मागे असल्याने मधला तळ खाली होता म्हणून जमलं. तुमच्या गाडीत नाही जमणार, पण कल्पना झकास.

चौथा_गियर

मागचा फाळका काढूनच टाका, वारा आरपार जातो, मायलेज वाढतं. आमच्याकडे सगळे असंच करतात.

तराजू

चौथा_गियर, हे सगळीकडे ऐकू येतं, पण खरं नाही. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा बसून राहतो आणि केबिनवरून येणारी हवा त्याच्यावरून निघून जाते. फाळका काढला की तो मोडतो. फायदा तर होत नाहीच, उलट तोटा होऊ शकतो. मायलेज हवं असेल तर टायरची हवा बघा आणि फुकटचं वजन उतरवा. माल मागे पडला तर काय, तो प्रश्न वेगळाच.

मुक्ता९

आणि फाळका खाली लोंबकळत ठेवूनही चालवू नका. सपाट हौद्याला दिवे आणि नंबरपाटी तळाच्या खाली असतात, लोंबणारा फाळका नेमका त्यांच्यावर येतो. मागच्याला ब्रेकचे दिवे दिसत नाहीत.

चौथा_गियर

बरं बुवा, लावतो परत.

कुंडीवाला

बॉडीवाल्याला हे लिहून देतोय. चुकलं तर सांगा.

लांबी २.६ मीटरच. पडते फाळके, ४० सेंमी, अ‍ॅल्युमिनियमचे, बाजूचे दोन तुकड्यांत, मधला खांब काढता येणारा. तळ चेकर पत्रा. कडेने खुंटांच्या खाचा, त्यांतच कमानी बसतील. केबिनमागे जाळीचा मजबूत अडसर. चासीखाली डाव्या बाजूला हत्यारांचा कप्पा. टिपर नाही. यंत्रासाठी ३ मीटरची घडीची उतरंड. दोर बांधायला फाळक्यांना बाहेरून आकडे.

ठिणगी

शेवटचं वाक्य खोडा. आकडे फाळक्याला कधीच नाही. दोर ताणला की सगळा जोर बिजागरीवर आणि कडीवर येतो. आकडे तळाच्या चौकटीला, फाळक्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे फाळका पडलेला असो वा उभा, दोर बांधता येतो. आतून तळात बुडवलेल्या कड्याही द्या, फरशांच्या पॅलेटला वरून पट्टा टाकायला लागतात.

किती मजबूत? जोरात ब्रेक लागला की माल स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे जायला बघतो असं धरून बांधायचं असतं, बाजूंना आणि मागे ०.५ पट. ९०० किलोच्या मालासाठी पुढच्या बाजूला ७२० किलोंचा जोर. म्हणून पॅलेट अडसराला *टेकवून* ठेवा. मध्ये हातभर जागा सोडली तर माल आधी वेग घेतो आणि मग आदळतो, तिथे कोणताच अडसर पुरत नाही.

आता चासीवर बसवण्याचं, कारण चुका इथेच लपतात. हौद्याचा सांगाडा चासीला वेल्ड करू द्यायचा नाही. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला नवं भोक पाडू द्यायचं नाही. कंपनीने दिलेली भोकं आणि कंस वापरायचे. चासी रस्त्यावर पिळवटते, तिला थोडं पिळवटू द्यावं लागतं, म्हणून पुढचे एकदोन सांधे स्प्रिंगचे किंवा रबराचे. सांगाड्याच्या लांब चॅनेलचं पुढचं टोक तिरकं कापलेलं हवं. चौकोनी ठेवलं तर चासीला नेमकी तिथे चीर जाते. गाडीवर कुठेही वेल्डिंग चाललं असेल तर बॅटरीची वायर आधी काढलेली पाहिजे. आणि बंद पेटीच्या नळ्या वापरल्या असतील तर प्रत्येकीच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी निघायला भोक.

कुंडीवाला

आकड्यांचं खोडलं. चासीचं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. एक विचारायचं राहिलं, मागच्या चाकांवर मडगार्ड आणि तळ यांच्यात किती जागा?

ठिणगी

आकडा सांगणार नाही, गाडीगणिक बदलतो. कंपनीच्या बॉडी बांधण्याच्या पुस्तिकेत चाक पूर्ण वर आल्यावरचं माप दिलेलं असतं, ते बॉडीवाल्याकडे मागा. त्याच्याकडे पुस्तिकाच नसेल तर बॉडीवाला बदला. ते माप भरलेल्या गाडीचं नाही, खड्ड्यात एक चाक पूर्ण दबलेल्या गाडीचं बघायचं.

जुनाट_इंजिन

हरलो. फक्त फाळक्यांना रबराची पट्टी लावायचं त्या यादीत नाहीये, तेवढं घाला.

कुंडीवाला

घातलं :) गाडी आली की फोटो टाकतो.

मुक्ता९

फोटोआधी एक काम. पहिल्या काही भरलेल्या खेपांनंतर हौद्याचे सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या, रंग आणि रबर दबलं की ते सैल पडतात. आणि रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन दोन्ही आसांचं वजन वेगवेगळं लिहून आणा. बॉडीवाला हौदा ३०० किलोचा म्हणाला म्हणजे तो ३०० चाच भरतो असं नाही.

तराजू

+१. ती चिठ्ठी आली की आकडे इथे टाका, ९०० चा हिशेब पुन्हा मांडू.